मेकॅनिकलला स्कोप आहे का, हा प्रश्न जरा बाजूला ठेव

पत्र थोडक्यात: करवीर तालुक्यातल्या एका गावची मुलगी, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला, आठवं सेमिस्टर चालू आहे. वडील साखर कारखान्यात नोकरीला, आई घरची शेती आणि म्हशींचं बघते, धाकटा भाऊ अकरावीत. कॅम्पसला आलेल्या कंपन्या जास्त करून आयटीच्याच होत्या, त्यातल्या दोन कंपन्यांची अॅप्टिट्यूड टेस्ट निघाली पण पुढं काही झालं नाही. आता समोर तीन वाटा आहेत. मैत्रिणींबरोबर पुण्याला जाऊन सहा महिन्यांचा सॉफ्टवेअरचा क्लास, ज्याच्या फीसाठी वडील सोसायटीतून कर्ज काढायला तयार आहेत. नाहीतर वडिलांच्या ओळखीनं शिरोलीतल्या एका फौंड्रीत (म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात) क्वालिटी डिपार्टमेंटला जूनपासून ट्रेनी. नाहीतर मामा म्हणतात तसं घरी बसून एमपीएससी. ती लिहिते, "मेकॅनिकल घेऊन चूक झाली असं रोज वाटतं. आता मेकॅनिकलला स्कोप राहिला नाही असं सगळेच म्हणतात. त्यात मी मुलगी, फौंड्रीत मुलींचं काय काम असं आत्या म्हणते. मला नक्की काय आवडतं तेच मला माहीत नाही. ताई, मी काय करू?"

पोरी, तुझं पत्र सावकाश वाचलं. मैत्रिणी काय करतायत, मामा काय म्हणतात, आत्या काय म्हणते, कॉलेजचे सर काय म्हणाले हे सगळं त्यात आलंय, आणि तू स्वतः केलेल्या कामाबद्दल जेमतेम दोन ओळी आहेत, त्या पण मधेच कुठंतरी. थर्ड इयरच्या मिनी प्रोजेक्टला ड्रिलिंगचं फिक्श्चर, म्हणजे भोक पाडताना जॉब पक्का धरून ठेवणारी चौकट, केलं, त्यासाठी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपात जात होतीस, आणि तिथले मिस्त्री म्हणाले, "दोन्ही पिना गोल ठेवल्यास तर प्लेट अडकणार की, एक डायमंड कर." मग तू रात्री घरी ड्रॉइंग बदललंस, पिन परत करून घेतलीस आणि जॉब बसला तेव्हा लई भारी वाटलं असं लिहिलंयस. बास, पुढच्या वाक्याला परत स्कोप सुरू.

मला बोलायचंय ते या दोन ओळींबद्दलच. मिस्त्रींनी तसं का सांगितलं ते तुला आता माहीत आहे, पण इतर वाचणाऱ्यांसाठी सांगते. प्लेटला दोन भोकं आहेत आणि ती दोन पिनांवर बसवायची आहे. पिनांमधलं अंतर पक्कं असतं, पण प्रत्येक प्लेटच्या दोन भोकांमधलं अंतर टॉलरन्समधे, म्हणजे चालण्यासारख्या फरकाच्या आत, थोडं इकडं तिकडं होतंच, त्यामुळं दोन्ही पिना पूर्ण गोल असल्या की एक प्लेट बसते आणि दुसरी अडकते. एक पिन बाजूनं घासून डायमंड आकाराची केली की दोन भोकांना जोडणाऱ्या रेषेत तिला थोडी जागा मिळते आणि तरी प्लेट फिरत नाही. हे पुस्तकात आहे, परीक्षेला तू आकृतीसकट लिहिलं पण असशील. पण कळलं कधी, तर प्लेट हातात अडकली तेव्हा. आणि अडकल्यावर तू वैतागून सोडून दिलं नाहीस, रात्री बसून बदल केलास, तुला मजा आली. मग "मला काय आवडतं तेच माहीत नाही" हे पूर्ण खरं नाही ना? एक गोष्ट माहीत आहे, ती फक्त तू हिशोबात धरली नाहीस कारण तिला कुणी पॅकेज लावलेलं नाही.

म्हणजे तू लगेच टूल डिझायनर हो असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच की क्लास, फौंड्री आणि एमपीएससी ही तुझ्यापुढं सध्या तीन नावं आहेत. या तिन्हीपैकी एकाही ठिकाणी माणूस सकाळी जाऊन संध्याकाळपर्यंत नक्की काय करतो हे तू बघितलेलं नाहीस. न बघितलेल्या तीन गोष्टींतून एक निवडायची म्हटल्यावर कुणाचाही गोंधळच होणार, त्यात तुझी काही चूक नाही, कॉलेजातली इंडस्ट्रियल व्हिजिट म्हणजे बसमधून जायचं, पन्नास जणांनी रांगेनं मशीन बघायची, फोटो काढायचा आणि नाष्टा करून यायचं अशीच असते बहुतेक ठिकाणी.

आता स्कोपचं बघू. हा शब्द आपल्याकडं इतका सैल वापरला जातो की त्याला काही अर्थच उरत नाही. स्कोप कुणाला, कुठल्या कामाला, कुठल्या गावात? मेकॅनिकलचे सगळे जॉब मिळून एक ढीग करायचा आणि तो वाढतोय का कमी होतोय बघायचं, याचा तुला काय उपयोग, तुला त्यातला एकच जॉब पाहिजे. आपण राहतो कुठं ते बघ ना. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगलेची पंचतारांकित एमआयडीसी, एवढ्या टापूत फौंड्र्या आणि मशीनशॉप दाटीनं उभे आहेत. गाड्या, ट्रॅक्टर, पंप, व्हॉल्व्ह यांची कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतून केलेले भाग, इथं ओतली जातात, मशीन होतात आणि देशात-परदेशात जातात. किर्लोस्करवाडी आपल्यापासून काही लांब नाही, ती १९१० ची, म्हणजे या पट्ट्यात लोखंडाचं काम शंभर वर्षांहून जुनं आहे. आणि तरी कोल्हापूरच्या पोरी-पोरांना वाटतं की इथं काहीच नाही. कारण हे कारखाने जाहिरात करून कॅम्पसला येत नाहीत, त्यांना दोन-तीन ट्रेनी लागतात, ते ओळखीतून नाहीतर एखाद्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून घेतात. कॅम्पसला कोण आलं त्यावरून तू बाजार मोजलास, तिथं गल्लत झाली.

पण उगाच गोड चित्र रंगवणार नाही. इथला सुरुवातीचा पगार कमी असतो, हे खरं आहे, आणि कितीतरी चांगली पोरं त्याच कारणानं पुण्याला जातात, त्यांना दोष देता येत नाही. इलेक्ट्रिक गाड्यांमुळं इंजिनाच्या कास्टिंगवर परिणाम होणार, हेही खरं आहे, कारण इलेक्ट्रिक गाडीत सिलिंडर ब्लॉक आणि हेड नसतंच. पण तिला ब्रेक आहेत, सस्पेन्शन आहे, मोटरचं हाउसिंग आहे, आणि ट्रॅक्टर आणि पंप तर आहेतच. म्हणून जिथं जाशील तिथं हे विचारायचं की तुमचा माल कुठल्या भागासाठी जातो, नवीन पार्ट कुठले घेताय. हा प्रश्न विचारणारा फ्रेशर क्वचितच भेटतो, समोरचा माणूस खुर्चीत सरळ बसतो.

तुला फौंड्रीतली क्वालिटी म्हणजे काय वाटतंय? पत्रावरून मला वाटलं की तुझ्या डोळ्यांपुढं काळी माती, धूर आणि हातात रजिस्टर घेऊन उभी असलेली तू, एवढंच आहे. मी क्वालिटी आणि मेथड्सला, म्हणजे कास्टिंग कसं ओतायचं ते ठरवणाऱ्या विभागात, बरीच वर्षं काढली आहेत म्हणून सांगते. समज, एक कास्टिंग मशीनिंगला गेलं, वरचा थर निघाला आणि आत ब्लोहोल दिसलं. म्हणजे गॅस अडकून झालेली पोकळी. आता हा गॅस आला कुठून? मोल्डच्या मातीत पाणी जास्त झालं होतं का, मातीची परमिएबिलिटी, म्हणजे गॅस बाहेर सोडायची क्षमता, कमी पडली का, कोअर, म्हणजे आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा, नीट भाजला नव्हता का, व्हेंट, म्हणजे गॅस जायची वाट, बुजलं होतं का, मेटल ओतताना थंड झालं होतं का? प्रत्येकाचं उत्तर वेगळ्या ठिकाणी असतं. सॅण्ड लॅबमधे मॉइश्चरचे आकडे असतात, कोअर शॉपमधे बॅच नंबर असतो, पोरिंगला टेंपरेचरची नोंद असते, आणि काही उत्तरं कुठंच लिहिलेली नसतात, ती मोल्डिंगवर वीस वर्षं काम करणाऱ्या काकांना विचारावी लागतात आणि ते सुद्धा चहा घेताना. एसजी आयर्न, म्हणजे ज्यात ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असतं ते चिवट ओतीव लोखंड, असेल तर अजून एक गंमत, मॅग्नेशियम ट्रीटमेंट झाली की घड्याळ सुरू होतं, थोड्याच मिनिटांत लॅडल, म्हणजे वितळलेलं लोखंड ओतायचं भांडं, रिकामी झाली पाहिजे, उशीर झाला की मॅग्नेशियमचा असर उतरतो, ग्रॅफाइटचे गोळे नीट बनत नाहीत आणि मग मायक्रोस्कोपखाली ते दिसतं. ज्या दिवशी तू पुराव्यानिशी दाखवशील की हे रिजेक्शन सेकंड शिफ्टला, अमुक कोअरच्या बॅचलाच येतंय, आणि बदल केल्यावर ते खाली येईल, त्या दिवशी तुला तुझी डायमंड पिन आठवेल. हे सगळं डोकं लावायचं काम आहे.

मात्र हाच जॉब एखाद्या ठिकाणी खरोखरच फक्त रजिस्टर भरायचा असू शकतो, म्हणून तो कुठल्या माणसाच्या हाताखाली मिळतोय हे बघणं पगारापेक्षा महत्त्वाचं आहे पहिल्या वर्षी. वरिष्ठ शिकवणारा असेल तर वर्षभरात तू मेथड्सला, प्रोसेसला, कास्टिंग सिम्युलेशनला, सप्लायर क्वालिटीला, कुठंही जायला तयार होतेस, आणि डिझाइनला जायचं असलं तरी ज्याला कास्टिंग कसं बनतं ते माहीत आहे त्याच्या ड्रॉइंगला किंमत वेगळी असते.

आत्यांच्या म्हणण्याबद्दल. फौंड्रीत मुलींचं काय काम, हा प्रश्न मला पण विचारला गेलाय, आणि त्यात काळजी असते हे मला कळतं, त्यामुळं आत्यांवर रागवू नकोस. पण काळजीचं उत्तर माहितीनं द्यायचं. बायकांसाठी वेगळं, स्वच्छ, कडी लागणारं टॉयलेट शॉप फ्लोअरपासून किती लांब आहे? जायला-यायला कंपनीची गाडी आहे का, का हायवेला उभं राहून वडाप बघायचं? शिफ्ट कुठली? आधीपासून तिथं बायका इंजिनिअर आहेत का, असतील तर त्यातल्या एकीशी पाच मिनिटं बोलता येईल का? हे प्रश्न इंटरव्ह्यूला विचारायला लाजायचं नाही. जो मालक या प्रश्नांना नीट उत्तर देतो त्याच्याकडं काम करायला हरकत नाही, जो हसण्यावारी नेतो त्याच्याकडं नको, मग तो वडिलांच्या कितीही ओळखीचा असू दे. आणि एक, तुला कौतुकानं एसी रूममधे बसवून एक्सेल भरायला देतील, ते नको म्हणायचं. पहिलं वर्ष फ्लोअरवर जेवढं उभं राहशील तेवढं पुढं कामाला येतं.

आता पुण्याचा क्लास. आयटीला जाण्यात कमीपणा काहीच नाही, मेकॅनिकलची किती तरी पोरं तिकडं जाऊन उत्तम काम करतायत. माझी शंका वेगळी आहे. तुझ्या पत्रात कोडिंग आवडतं असं कुठंच नाही. फर्स्ट इयरला प्रोग्रॅमिंगचा पेपर होता ना, त्याबद्दल अवाक्षर नाही. मैत्रिणी चालल्यात म्हणून जायचं आणि त्यासाठी वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढायचं, हे मला पटत नाही. आधी फुकटात बघ ना जमतंय का. एनपीटीईएल आणि स्वयम या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे पायथनचे कोर्स आहेत, शिकायला पैसे पडत नाहीत, परीक्षा देऊन सर्टिफिकेट पाहिजे असेल तरच फी. महिनाभर रोज संध्याकाळी एक तास बस. प्रोग्रॅम चालत नसताना, स्क्रीनवर लाल एरर दिसत असताना, तुला शोधत बसावंसं वाटतंय का मोबाइल घ्यावासा वाटतोय, एवढं बघ. बसावंसं वाटलं तर खुशाल पुण्याला जा, मी पहिली पाठिंबा देईन. पण त्या क्लासवाल्यांना आधी विचार, मागच्या बॅचच्या पोरांचे नंबर द्या म्हणून, आणि ज्यांना जॉब लागला त्यांच्यापेक्षा ज्यांना लागला नाही त्यांच्याशी बोल. शंभर टक्के प्लेसमेंट म्हणत असतील तर ते कागदावर लिहून मागायचं. फी हप्त्यानं म्हणजे बऱ्याचदा एखाद्या फायनान्स कंपनीचं कर्ज असतं, क्लास सोडला तरी हप्ता सुटत नाही, सही करायच्या आधी वाचायचं. ओरिजिनल मार्कशीट कुणाकडं ठेवायची नाही, क्लासकडं नाही आणि कंपनीकडं पण नाही. नोकरी देतो म्हणून डिपॉझिट मागणाऱ्याच्या दारातनं परत फिरायचं.

आणि आयटी एका बाजूला, फौंड्री दुसऱ्या बाजूला, मधे काही नाही असं पण नाही गं. मधेच तर सगळ्यात जास्त काम आहे. कॅड आणि सीएई, म्हणजे पार्टचं ड्रॉइंग कॉम्प्युटरवर करणं आणि त्यावर लोड किती येईल, तो कुठं तुटेल हे तिथंच काढणं. ओतायच्या आधी मेटल मोल्डमधे कसं भरेल, श्रिंकेज, म्हणजे थंड होताना आकसून पडणारी पोकळी, कुठं येईल, ती भरून काढायला जादा मेटल पुरवणारा रायझर कुठं ठेवायचा हे सिम्युलेशननं बघणं. पीएलसी, म्हणजे मशीन आपोआप चालवणारा कंट्रोलर, आणि ऑटोमेशन. सीएमएमवर, म्हणजे अचूक मोजायच्या मशीनवर, मोजमाप आणि त्याचं प्रोग्रॅमिंग. मशीनवरून येणाऱ्या आकड्यांतून रिजेक्शनचं कारण शोधणं, तिथं पायथन येत असेल तर तू एकदम वेगळीच ठरतेस, कारण ज्याला पायथन येतं त्याला कास्टिंग कळत नाही आणि ज्याला कास्टिंग कळतं त्यानं पायथन बघितलेलं नसतं. तुझा फिक्श्चरचा अनुभव आणि कॅडचा हात पाहता मला ही मधली बाजू तुझ्यासाठी जास्त बरी वाटते. पण हा माझा अंदाज, पत्रावरून केलेला.

मामांचं म्हणणं थोडक्यात. सरकारी परीक्षा चांगलीच आहे, फक्त तुझ्या ब्रँचचं गणित बघून घे. एमपीएससीच्या इंजिनिअरिंग सर्व्हिसेसमधे सिव्हिलच्या मानानं मेकॅनिकलच्या जागा कमी असतात. मेकॅनिकल-ऑटोमोबाइलवाल्यांसाठी सहायक मोटार वाहन निरीक्षकाची परीक्षा असते, पण जाहिरात दरवर्षी येईल असं धरून चालता येत नाही. रेल्वे आणि एसएससीच्या ज्युनिअर इंजिनिअरच्या परीक्षा मेकॅनिकलला आहेत. माझा कल विचारशील तर गेटकडं, म्हणजे एमटेकच्या प्रवेशासाठीच्या देशपातळीवरच्या परीक्षेकडं आहे, कारण एकाच अभ्यासात बरंच काही साधतं. ३ तास, ६५ प्रश्न, १०० मार्क, स्कोअर ३ वर्षं चालतो, त्यावर एमटेकला जाता येतं आणि काही सरकारी कंपन्या सुद्धा गेटच्या स्कोअरवर बोलावतात. गेटवरून एमटेकला गेलीस तर महिना १२,४०० रुपये स्टायपेंड असतो, म्हणजे घरावर सगळा भार पडत नाही. थर्ड इयरपासूनच फॉर्म भरता येतो, तेव्हा ही ओळ तुझ्यापेक्षा धाकट्यांनी जास्त लक्षात ठेवा. काही असलं तरी तारीख न ठरवता घरी बसायचं नाही. किती प्रयत्न द्यायचे आणि कधी थांबायचं हे घरात सगळ्यांसमोर आधीच ठरवायचं, नाहीतर वर्षं कशी जातात कळत नाही.

दुसऱ्या ब्रँचच्या पोरांची पण अशीच पत्रं येतात, म्हणून त्यांच्यासाठी दोन शब्द. सिव्हिलवाल्यांनो, पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी सगळं कोल्हापूर मोबाइलवर बघत असतं, ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, २०१९ आणि २०२१ चे पूर आपण अंगावर घेतलेत, आणि पाण्याचं, पुराचं, पुलांचं काम हे तुमचं काम आहे. इथल्या नदीवर रुळलेला बंधारा राज्यभर कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणून ओळखला जातो, पावसाळ्याआधी त्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढतात ते एकदा जाऊन बघा. टेक्स्टाइलवाल्यांना इचलकरंजी शेजारी आहे. इलेक्ट्रिकल आणि केमिकलवाल्यांना साखर कारखान्यांचे कोजन, म्हणजे बगॅस जाळून वाफ आणि वीज दोन्ही करायचे, आणि इथेनॉलचे प्लांट आहेत, तिथं शिफ्ट इंजिनिअर नक्की काय करतो हे विचारायला कुणी जात नाही.

आणि हो, तुझे वडील कारखान्यात आहेत आणि तिथलं काम कसं चालतं यावर तू पत्रात एक शब्द लिहिलेला नाहीस. मिल हाउसमधे रोलर फिरताना कधी बघितलेस का? बॉयलरला बगॅस, म्हणजे उसाची चिपाडं, जाळून वाफ, वाफेवर टर्बाइन, टर्बाइनवरून वीज, आणि तीच वाफ पुढं रस उकळायला. थर्मोडायनॅमिक्सचा अर्धा सिलॅबस तिथं एका छपराखाली चालू आहे. सीझन अजून संपलेला नाही, वडिलांना म्हण, परवानगी काढा आणि मला एक दिवस आत न्या. गाळप संपल्यावर ओव्हरहॉलिंगला सगळं उघडतात, तेव्हा परत जा, मशीन उघडी बघायला मिळणं हे नशीबच. वडिलांना पण बरं वाटेल, त्यांना वाटत असणार आपल्या कामातलं पोरीला काय सांगायचं.

आता पुढचे दोन महिने काय करायचं ते सांगते. माणसं गाठायची. वेगवेगळं काम करणारी सात-आठ माणसं. तुझ्या कॉलेजचे तीन-चार वर्षं आधीचे सिनिअर, ते मिस्त्री, गावातलं कुणी पुण्यात डिझाइनला असेल तर ते, एखादी आयटीतली. अनोळखी माणसाला मेसेज करायला संकोच वाटतो ना, म्हणून नमुना देते: "नमस्कार सर, मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, आपल्याच कॉलेजची. तुम्ही सीएईमधे काम करता असं कळलं. नोकरी मागायला मेसेज केलेला नाही, तुमचं रोजचं काम कसं असतं ते समजून घ्यायचं होतं. रविवारी पंधरा मिनिटं फोनवर बोलता येईल का?" बहुतेक जण हो म्हणतात. आपल्या कामाबद्दल कुणी मनापासून विचारलं की माणूस बोलतो, आणि कोल्हापूरचा माणूस तर जेवायलाच बोलावेल. फोनवर स्कोप आहे का विचारायचं नाही. सकाळी गेल्यावर पहिलं काय करता, कालचा दिवस कशात गेला, कशाचा वैताग येतो, कॉलेजात शिकलेलं नक्की काय लागतं, नवीन पोरगं घ्यायचं झालं तर त्याला काय यायला पाहिजे म्हणता, हे विचारायचं. फोन ठेवला की लगेच वहीत लिहायचं, आणि खाली एक ओळ स्वतःची, हे ऐकताना मला उत्सुकता वाटली का कंटाळा आला. सात-आठ पानं झाली की परत वाच. मला काय आवडतं या प्रश्नाचं उत्तर तिथं सापडायला लागेल, निदान काय नको ते तरी नक्की कळेल.

स्मॅक आणि गोशिमासारख्या इथल्या उद्योजकांच्या संघटना आहेत, फौंड्रीवाल्यांची संस्था इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फौंड्रीमेन, तिचा कोल्हापूर चॅप्टर आहे, त्यांचे कार्यक्रम होत असतात, तिथं एकदा तरी जाऊन मागं बस. आणि ट्रेनीशिवाय अप्रेंटिसशिपचा पण रस्ता आहे, नॅट्सच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी होते, पदवीधरांना साधारण वर्षभर काम, ठरलेला स्टायपेंड आणि शेवटी सर्टिफिकेट, ते पण बघून ठेव.

शिरोलीच्या जॉबचं लगेच हो किंवा नाही सांगू नकोस. वडिलांना म्हण, त्या साहेबांना फोन करा आणि पोरीला आधी अर्धा दिवस प्लांट बघायचा आहे असं सांगा. जाशील तेव्हा चप्पल घालून जाऊ नकोस, बूट घाल, ओढणी मोकळी ठेवू नकोस, केस बांध. सॅण्ड लॅब, मेल्टिंग, फेटलिंग (कास्टिंगचे जादा कंगोरे घासून साफ करतात ते), मशीनशॉप, सगळीकडं फिर, आणि तुझा साहेब जो होणार त्याला विचार, मागच्या महिन्यात सगळ्यात जास्त रिजेक्शन कशामुळं झालं आणि तुम्ही काय केलंत. तो खुलून सांगायला लागला तर जून पासून वर्ष-दीड वर्षासाठी जा, असं माझं मत आहे. घरात राहून जाता येतं, भाडं नाही, संध्याकाळी पायथन आणि कॅड चालू ठेवता येतं, फेब्रुवारीत गेट देता येतं, आणि वर्षानं पुण्याला जावंसं वाटलं तर हातात अनुभव घेऊन जाशील. त्यानं टाळाटाळ केली किंवा तुला ऑफिसच्या पुढं नेलंच नाही तर नम्रपणे नको म्हण आणि उद्यमनगरातल्या त्या मिस्त्रींना विचार, चांगलं काम कुठं चालतं ते त्यांना बरोबर माहीत असतं. हो म्हणायच्या आधी ऑफर लेटर लेखी घ्यायचं, हातात किती येणार, पीएफ कापणार का, शिफ्ट कुठली, बाँड आहे का, असेल तर किती वर्षांचा, हे त्यात आलं पाहिजे, ओळखीचं काम आहे म्हणून कागद मागायचा नाही असं करू नका. ओळखीतच कागद जास्त लागतो, नंतर वडिलांना शब्द टाकता येत नाही.

सोसायटीच्या कर्जाचा अर्ज तोपर्यंत देऊ नका. वडिलांशी हे तू स्वतः बोल, मामांमार्फत नको, आणि बोलताना वही समोर ठेव.